पहिले बारा फूट

पांचाळ सर कुठलंही चित्र हातात आलं की आधी ते उलटं करायचे. कुणी देऊळ काढलेलं असायचं, कुणी बाजार. सरांच्या हातात कळस खाली जायचा आणि माणसं डोक्यावर उभी राहायची. मग ते डोळे इतके बारीक करायचे की मिटलेत की काय असं वाटावं. मुलं हसायची.

"हसू नका रे. सुलटं धरलं की देऊळ दिसतंय. उलटं धरलं की चित्र दिसतंय."

मी आज बावन्न वर्षांचा आहे. लातूरच्या एका कार्यालयात अभियंता म्हणून काम करतो. टेबलावर आलेला नकाशा मी अजूनही एकदा उलटा करून बघतो, कुणी जवळ नसताना. ही सवय सरांची. त्यांच्याकडून घेतलेलं एवढंच माझ्याजवळ उरलं आहे. बाकी जे शिकवलं ते मला येत होतं आणि तरीही मी त्याच्या उलट वागलो. म्हणून हे लिहितो आहे.

व्यंकट पांचाळ हे आमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. आमचं गाव मांजरा नदीच्या काठावर आहे, त्याचं नाव लिहीत नाही. सर मूळचे देवणीकडचे. आजोळ कर्नाटकात, त्यामुळे 'बघ' म्हणायच्या ऐवजी तोंडातून 'नोडु' निघायचं. "नोडु, नोडु, हिथं नोडु!" वर्गाबाहेर मुलं त्यांना नोडुमास्तर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

उंच, हाडकुळे. अंगठ्याच्या नखात कायम कुठलातरी रंग. खिशात बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली चौकोनी खिडकी असायची. रस्त्याने चालता चालता ती डोळ्यासमोर धरून ते थांबायचे आणि मागून येणारा सायकलवाला शिव्या घालायचा. कपडे मात्र राखी नाहीतर मातकट. कधी लाल, पिवळा सदरा नाही. आम्ही एकदा विचारलं, तर म्हणाले, "मास्तरच्या अंगावर रंग असला की पोरं मास्तरकडं बघतात. फळ्याकडं कोण बघल?"

त्यांचा प्रश्न एकच असायचा. चित्र भिंतीला टेकवून ठेवायचं, एकाला समोर उभं करायचं आणि विचारायचं, "आधी काय दिसलं? खरं सांग. मग? मग कुठं गेलास?" नजर जिथून जिथे गेली ती वाट बोटाने हवेत काढून दाखवावी लागायची. माझं बाजाराचं एक चित्र मला आठवतं. भाजीवाल्या बायका, तराजू, शेळी, हॉटेल, सगळं काढलं होतं. कोपऱ्यात पिवळाधमक सूर्यही काढला होता, कारण पिवळी बाटली नवीन होती.

"आधी काय दिसलं?"

"सूर्य, सर."

"मग?"

मी परत त्या कोपऱ्याकडेच बघितलं.

"मग परत सूर्य. न्हाई का? अरे, एवढा बाजार भरवलास आणि गिऱ्हाईक सगळं आभाळात पाठवलंस." त्यांनी सूर्यावर अंगठा ठेवला. "आता नोडु." आता म्हातारी दिसली. तिच्यासमोरचा तराजू दिसला. म्हातारी तराजूच्या काट्याकडे बघत होती, म्हणून मीही काट्याकडे बघितलं. ती म्हातारी मीच काढली होती, पण तोवर मला दिसली नव्हती.

हे सगळं ते कुठे शिकले, तर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन शाळांत. पहिली शाळा देवणीचा बैलबाजार. त्यांच्या वडिलांकडे एक वानेरा होता, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, अशा जातीचा बैल. "आख्ख्या बाजारात असा बैल उभा केला की लांबून त्याचं तोंडच दिसतंय. पांढऱ्यात काळं. नजर जायचीच." तो बैल मागच्या पायाने किंचित लंगडायचा. विकायच्या दिवशी वडिलांनी त्याला काळ्या दगडी भिंतीपुढे उभा केला, मागचे पाय कडब्यात येतील असा, आणि शिंगाला लाल गोंडा बांधला. गिऱ्हाईक आलं, तोंड बघितलं, गोंडा बघितला, दात बघितले, आणि बैल घेऊन गेलं.

"चौथ्या दिवशी तो माणूस परत आला. भांडायला न्हाई. वट्ट्यावर बसला आणि म्हणाला, मी बघितलं कसं न्हाई? तेच म्हणत राहिला. मी बघितलं कसं न्हाई?" सर हे सांगताना हसत नसत. "तवा कळलं मला. माणूस बघतो ते त्याच्या मनानं न्हाई. कुणीतरी दाखवतंय म्हणून बघतो. मग दाखवणाऱ्यानं काय दाखवावं, ही जबाबदारी हाय का न्हाई?"

दुसरी शाळा नांदेड. तिथे चित्रकलेचा डिप्लोमा करताना पोटासाठी ते सिनेमाचे मोठे फलक रंगवायचे. तिथल्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'हिरो का मुँह टिकट-खिडकी की तरफ रखना, बेटा. लोगां उधरीच जाते.' सरांनी एकदा गंमत म्हणून हिरोचं तोंड समोरच्या रसवंतीकडे केलं. शपथेवर सांगायचे की आठवडाभर रसवंतीवाल्याने त्यांना फुकट रस पाजला.

हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हाचा शाळेचा एक फोटो आहे. सगळे शिक्षक खुर्च्यांवर, हारतुरे, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. सर एका टोकाला उभे. आणि ते मान वळवून दुसऱ्या टोकाकडे बघत आहेत. तिथे फ्रेमच्या अगदी कडेला, अर्धा खांदा कापलेल्या, शाळा झाडणाऱ्या काशीबाई उभ्या आहेत. फोटो लावल्यावर जो तो आधी सरांकडे बघायचा आणि मग सर कुठे बघतात म्हणून काशीबाईंकडे. नवे हेडमास्तर चिडले. "पांचाळ, तुम्ही फोटो बिघडवला." सर म्हणाले, "साहेब, तीस वर्षं झाडायल्यात त्या हिथं. एकदा कुणी बघितलं तर काय बिघडलं?"

सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी मी गावाच्या कार्यालयात अभियंता म्हणून आलो. नदीच्या घाटाचं काम माझ्याकडे होतं.

घाट कसा आहे ते सांगावं लागेल. गावातून रस्ता उतरतो तो घाटाच्या एका टोकाला. तिथून पुढे नदीच्या कडेने लांब ओटा. ओट्याच्या एका बाजूला मातीचा दाब धरणारी उंच भिंत, दुसऱ्या बाजूला पायऱ्या आणि पाणी. रस्ता जिथे उतरतो, नेमका तिथेच डोह आहे. वाळू उपसून उपसून झालेला. पाच-सहा शेवाळलेल्या पायऱ्या आणि मग एकदम खोल. भिंतीकडे तोंड केलं तर उजवीकडे शंभरेक पावलं चालत गेलं की रुंद पायऱ्या आणि गुडघाभर पाणी. गावच्या लोकांना हे माहीत. दहाव्याला, तेराव्याला बाहेरगावाहून येणाऱ्यांना माहीत नसायचं. ते समोर दिसेल तिथेच उतरायचे. 'पाणी खोल आहे' अशी पाटी होती. ती कुणी वाचत नव्हतं. कठडा मंजुरीसाठी गेला होता.

मी सरांकडे गेलो. भिंतीवर चित्र काढाल का विचारलं. सरांनी लगेच हो म्हटलं नाही. आठ दिवस ते घाटावर वही घेऊन बसले. रस्ता उतरणारा माणूस आधी कुठे बघतो, कुठे थांबतो, याच्या रेघा काढत राहिले. मग म्हणाले, "लोक पायानं उतरत न्हाईत बाबा. डोळ्यानं उतरतात. डोळा पुढं न्यायचा. पाय येतो मागं."

दोन महिने ते भिंत रंगवत होते. पाणी भरायला निघालेल्या बायका, बैलं, कडेवरचं लेकरू, काठी टेकत जाणारा म्हातारा, सगळे डावीकडून उजवीकडे चाललेले, आणि प्रत्येकाची नजर पुढच्यावर. बायकांच्या डोक्यावरच्या घागरींची ओळ हळूहळू खाली उतरत जाणारी. रंग सगळे मातीचे. शेवटी, रुंद पायऱ्या सुरू होतात तिथे, वाकून घागर भरणारी एक बाई आणि तिचं लाल लुगडं. सबंध भिंतीवर लाल रंग तेवढाच.

आणि सुरुवातीचे बारा फूट नुसते राखाडी.

"सर, सुरुवातीचा एवढा भाग मोकळा राहिला."

"मोकळा न्हाई. रंगवलाय."

"पण तिथं काहीच दिसत नाही."

"तेच तर रंगवलंय," सर म्हणाले. "दोन दिवस गेलेत त्याला. माणूस उतरला की हिथं डोळ्याला काही धरायला मिळू नये. मग तो पुढं बघतो, पुढं बैल हाय, बाई हाय, चालायला लागतो. हिथं काही ठेवलं की तो थांबतो. थांबला की उतरतो."

मी ओट्यावर उभा राहून बघितलं. लोक खरोखरच चालत होते. बायका बोलत बोलत, कुणी फोनवर, कुणी अस्थींचं मडकं घेऊन, आणि सगळे भिंतीच्या बरोबरीने उजवीकडे. कुणालाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा विद्यार्थी असल्याचा अभिमान वाटला होता. हेही लिहून ठेवतो, कारण मला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

उद्घाटनाला सरांचा सत्कार झाला. शाल लालभडक होती. सरांनी ती खांद्यावर क्षणभर ठेवली आणि घडी करून पिशवीत टाकली. "ही घालून हिंडलो तर लोक भिंत सोडून माझ्याकडंच बघत बसतील."

त्याच कार्यक्रमात माझे वरिष्ठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, सुरुवातीलाच ते मातेरं काय ठेवलंय? काम अर्धवट वाटतं. तिथं काहीतरी आकर्षक घ्या. ते पंख काढतात ना हल्ली, मधे उभं राहून सेल्फी काढायला? तसं करा."

मला तेव्हा लातूरला बदली हवी होती. मुलीची अकरावी तिथे करायची होती आणि बदलीचा कागद याच साहेबांच्या हातात होता. मी "हो साहेब" म्हणालो. सरांना विचारलं नाही. बोर्ड रंगवणाऱ्या एकाला बोलावलं आणि त्या बारा फुटांत केशरी-पिवळे, दोन्ही बाजूंना पसरलेले पंख काढून घेतले. दोन दिवसांत तिथे गर्दी होऊ लागली.

सर कार्यालयात आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"कठडा कधी?"

"मंजुरीला गेलाय सर. येईल."

"तवर ते पंख पूस."

"सर, लोकांना आवडायलंय."

"आवडणारच की. म्हणून तर म्हणतो." त्यांनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला. भिंत काढली, पंखांमध्ये उभा माणूस काढला, समोर फोन धरलेला माणूस काढला आणि त्याच्या मागे तुटक तुटक रेघ. "दोन्ही पंख फोटोत यायला मागं किती जावं लागतंय, मोजलंस का? मी मोजलं. अकरा पावलं. आणि वट्टा रुंदीला हाय नऊ पावलांचा."

मी कागदाकडे बघितलं. "बघतो सर," म्हणालो.

"तू बघणारा पोरगा होतास," एवढं बोलून ते गेले.

मी पंख पुसले नाहीत. बदलीचा कागद त्या आठवड्यात सहीला जाणार होता. तो हातात आला की पुसू, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पंख काढल्यापासून तिसऱ्या आठवड्यात रेणापूरकडचं एक कुटुंब दहाव्याला आलं. विधी आटोपल्यावर बापाने दोन मुलींना पंखांमध्ये उभं केलं आणि फोटो काढायला मागे सरकला. भरदिवसा. माणसं ओरडेपर्यंत तो पायऱ्यांवरून घसरून डोहात गेला होता. पोहता येत नव्हतं. दोन तासांनी सापडला. फोन वरच्या पायरीवर पडलेला होता, फुटलाही नव्हता.

त्यातला फोटो चौकशीच्या फाइलमध्ये आला. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा सरांचा प्रश्न आपोआप आला. आधी काय दिसलं? पंख. दोन्ही पूर्ण आलेत, टोकापर्यंत. मग? मोठी मुलगी. ती हसते आहे, कॅमेऱ्याकडे बघून. मग? धाकटी. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती खाली बघते आहे, फोटोच्या बाहेर, बापाचे पाय जिथे असतील तिथे. तिचं तोंड उघडं आहे.

मी तो फोटो उलटा केला नाही. हिंमत झाली नाही.

चौकशीत माझं निवेदन मागितलं गेलं. मी लिहिलं, 'सदर भित्तिचित्र संपूर्णतः संबंधित चित्रकाराच्या आराखड्यानुसार करण्यात आले आहे.' भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात सरांचं नाव होतंच. हे वाक्य खोटं आहे. पंख मी रंगवून घेतले होते आणि धोका मला कागदावर काढून दाखवला गेला होता. तो कागद मी फाडून टाकला. आज हे इथे लिहिल्याने ते वाक्य त्या फाइलमधून खोडलं जात नाही, हे मला कळतं.

सरांचं नाव पेपरात आलं. त्यांच्या फाटकावर कुणीतरी शेण फासलं. दर गुरुवारी ज्या शाळेत ते मुलांना फुकट शिकवायला जायचे तिथून 'सध्या नको' असा निरोप आला. मी त्यांच्या घरी गेलो, का गेलो ते मलाही सांगता येत नाही. दार काकूंनी, सरांच्या पत्नीने उघडलं. "आलास का? ये," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी काय केलंय हे त्यांना माहीत होतं की नाही, मला कळलं नाही.

सरांकडे माझ्या निवेदनाची प्रत होती. त्यांनी ती उलटी धरली आणि डोळे बारीक केले.

"आधी काय दिसलं सांगू? तुझी सही. मोठी हाय. मग 'संपूर्णतः'. बाकीचं कुणी वाचणार न्हाई." कागद खाली ठेवला. "रचना जमली तुला."

"सर, माझी चूक..."

"त्या पोरींची नावं काय?"

मला माहीत नव्हती. फाइलमध्ये होती, मी वाचली नव्हती.

"मग मला काय सांगायला आलास? आधी ते बघून ये." मग हळू आवाजात म्हणाले, "आता भिंतीचं काय करायलेत?"

"सगळी पांढरी करायची म्हणतात."

"सगळी? बैलं, बाया बी?"

"हो."

सर पहिल्यांदा घाबरलेले दिसले. "अरे मग लोक जातील कुठं?" ते म्हणाले. "त्यास्नी उजवीकडं न्यायला काहीच राहणार न्हाई. माझं नाव खरवडून काढ, हवं तर. पण बाया राहू दे." चहा आला. तो तसाच थंड झाला. मी वरिष्ठांशी बोलतो म्हणालो आणि बोललो नाही. चार दिवसांत भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्याने पांढरी झाली. कठडा त्यानंतर दीड वर्षाने बसला. तोवर तिथे आणखी कुणी बुडालं नाही. लोक म्हणाले, नशीब.

माझी बदली झाली. सामान लातूरला गेलं. निघायच्या सकाळी मी गाडी वर थांबवली आणि घाटाकडे उतरलो. मुलींची नावं आता मला पाठ होती. सरांना ती सांगायची होती, पण आदल्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप दिसलं होतं. तो माणूस जिथे गेला तिथे निदान एकदा उभं राहावं, एवढंच मनात होतं.

रस्ता उतरून ओट्यावर आलो. समोर पांढरी भिंत, इतकी पांढरी की डोळा कुठेच टिकेना. आणि तिच्या पार शेवटी, उजवीकडे, रुंद पायऱ्यांवर, एक लाल ठिपका.

मी डोहाकडे जायला आलो होतो. माझे पाय उजवीकडे वळले. पंधरा-वीस पावलं चाललो तेव्हा माझ्या ते लक्षात आलं.

ते सर होते. सत्काराची लालभडक शाल अंगभर गुंडाळून, भर उन्हात, पायरीवर उभे. आयुष्यात रंग न घातलेला माणूस. किंचित वाकलेले, मान खाली, नजर समोरच्या उथळ पाण्यावर, भिंतीवरची ती बाई वाकायची तसे. घाटावर फुलं विकणारी बाई म्हणाली, "रोज येतेत मास्तर. भिंत पांढरी झाल्यापासनं. सकाळी येतेत ते दिवस कलेपर्यंत. येड लागलंय म्हणतेत लोक."

माझ्या मागून एक कुटुंब उतरत होतं. हातात मडकं घेतलेला एक तरुण, दोन बायका, एक म्हातारा. मी वळून बघितलं. ते क्षणभर रस्त्याच्या तोंडाशी थांबले. मग म्हाताऱ्याने मान वर केली, त्याला लाल दिसलं, आणि तो चालू लागला. बाकीचे त्याच्या मागे.

मी सरांपासून दहा हातांवर, पण डोहाच्या बाजूला उभा होतो. "सर," मी हाक मारली. मग त्या दोन्ही मुलींची नावं घेतली.

त्यांनी ऐकलं. खांदा किंचित हलला. पण मान वळली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, तर मागून येणाऱ्या त्या चौघांचीही नजर माझ्या बाजूला वळली असती.